रत्नागिरीची सहल



यंदाची सहल रत्नागिरीला न्यावी, अशी माझी सूचना आहे. किल्ला, राजवाडा, समुद्र आणि संध्याकाळी परत, हा सहलीचा आपला शिरस्ता. तो मोडायचा नाही. तीन बाजूंनी समुद्र असलेला रत्नदुर्ग मुलांनी पायीच चढावा. ब्रह्मदेशच्या थिबा राजाचे राज्य इंग्रजांनी १८८५ साली घेतले व त्याला या गावी नजरकैदेत ठेवले. त्याचा १९१० सालचा राजवाडाही पाहावा. भाट्याच्या वाळूत मुले हवी तेवढी धावोत. मात्र पाण्यात उतरणे नाही. तेथे काजळी नदी समुद्राला मिळते, ओहोटीची ओढ पोहणाऱ्यालाही आवरत नाही.

पण त्याआधी, सकाळीच, मिरकरवाडा बंदर गाठावे. माझ्या वर्गात एक मुलगा आहे. वडिलांची होडी आहे. बांगड्याचे कल्ले पाहून मासा ताजा की शिळा, हे तो क्षणात सांगतो. विज्ञानाच्या तासाला मात्र मान खाली. "सर, दहावी झाली की आखातात जाणार," म्हणतो. जाणाऱ्यांच्या कष्टांवर आपली कितीतरी घरे उभी आहेत, त्यांना मी नावे ठेवणार नाही. पण याच रत्नागिरीत, शिरगावला, दापोलीच्या कृषी विद्यापीठाचे मत्स्य महाविद्यालय १९८१ पासून आहे. बारावी विज्ञाननंतर चार वर्षांची पदवी मिळते. मत्स्यपालन, मासळीवरील प्रक्रिया, सारे तेथे शिकवतात. त्याच्या घरी हे कोणाला ठाऊक नव्हते. "मासे मारायला कसली पदवी?" असे हसून विचारणारे पालक मला भेटले आहेत.

मुलींच्या मातांनीही यावे. गोगटे-जोगळेकर महाविद्यालय १९४५ सालचे. तेथे मुली कशा ये-जा करतात, राहण्याची सोय काय, हे स्वतः विचारावे. माझ्या सांगण्यावर जाऊ नये.

जेवायला तांदळाची भाकरी, सुरमईचे कालवण, वर सोलकढी. येताना आंबापोळी, फणसपोळी घ्यावी. ताजा हापूस हवा तर एप्रिल-मे, पण तेव्हा परीक्षा! जून-जुलैत मासेमारी बंद, बंदर ओस. म्हणून डिसेंबर धरावा. एक गाडी मुलांची, दुसरी पालकांची. शिरगावला पत्र लिहून परवानगी मागण्याचे काम माझ्याकडे.