रंगाचं आधी सांगा

अध्यक्षाने त्वचाशास्त्राच्या वर्षभराच्या प्रगतीचा आढावा घ्यावा, असा रिवाज आहे. तो आढावा छापून प्रत्येकाच्या पिशवीत ठेवला आहे. लेझरवाल्यांची त्यात निराशा होणार नाही. प्रस्तुत वक्त्याला मात्र क्लोफाझिमाइनवर बोलायचे आहे. त्यासाठी त्याने या खुर्चीची बरीच वर्षे वाट पाहिली.

हे औषध मुळातच लाल रंगद्रव्य. 1954 साली डब्लिनमध्ये व्हिन्सेंट बॅरी आणि सहकाऱ्यांनी ते क्षयासाठी तयार केले. पुढे ते कुष्ठरोगाच्या कामी आले आणि 1980च्या दशकात रिफाम्पिसिन व डॅप्सोनसोबत एमडीटीच्या, म्हणजे बहुऔषधी उपचाराच्या, पाकिटात बसले: रोज 50 मिलिग्रॅम, महिन्यातून एकदा 300. ते चरबीत मुरते आणि शरीरातून निघता निघत नाही. त्वचा आधी तांबूस, मग तपकिरी, उन्हातान्हात फिरणाऱ्याची जवळजवळ काळी होते. आईने घेतले तर अंगावर पिणाऱ्या बाळाची कातडीही काही काळ रंगते. रुग्णाचे कुष्ठरोगाचे चट्टे तर आजूबाजूच्या कातडीहून गडद होतात. औषध बंद झाल्यावर रंग उतरतो, पण त्याला कित्येक महिने, कधी वर्षेही लागतात.

पाठ्यपुस्तक याला ‘निरुपद्रवी’ म्हणते. पुस्तक लिहिणारा लालबागच्या चाळीत राहत नसावा.

तिथला एक तरुण, दादरला साड्यांच्या दुकानात कामाला. चट्टे पाठीवर आणि मांडीवर. घरात आईखेरीज कुणाला पत्ता नव्हता. एका दवाखान्यात त्याला पाकीट मिळाले, रंगाबद्दल अवाक्षर नाही. चौथ्या महिन्यात शेठने विचारले, गणपतीच्या वर्गणीला फिरताना पोरांनी विचारले, आणि त्याने गोळ्या सोडल्या. प्रस्तुत वक्त्याकडे आला तेव्हा करंगळी वाकू लागली होती. तो म्हणाला, “रोग कपड्याखाली होता, डॉक्टर. तुमच्या गोळीने तो तोंडावर आणला.”

या वाक्याला उत्तर द्यावे, असे कुठल्याच परिषदेला वाटलेले नाही.

आपल्यात एक जुना वाद आहे: आधी सांगितले तर रुग्ण पळतो. गिरगावात पोळी-भाजीचे डबे करणाऱ्या एक बाई होत्या. त्यांना पहिल्याच दिवशी फोटो दाखवले, नवऱ्याला समोर बसवले, अंगाला खोबरेल लावायला आणि ऊन टाळायला सांगितले. शेजारणींना त्या स्वतःच सांगत, “गोळीचा रंग आहे, उतरेल.” बारा महिने एक गोळी चुकली नाही. प्रस्तुत वक्त्यापुरता वाद तिथेच मिटला. ज्यांना आकडेवारी हवी, त्यांनी ती गोळा करावी.

दुसरा गट म्हणतो, क्लोफाझिमाइनऐवजी मिनोसायक्लिन द्या. रुग्ण ठाम नकार देत असेल तर जरूर द्या. जागतिक आरोग्य संघटनेनेही तशी मुभा ठेवली आहे. पण मिनोसायक्लिन दीर्घकाळ घेतल्यावर उमटणारा निळसर-करडा डाग कुणी पाहिलाच नाही काय? शिवाय अंगावर लालसर, दुखऱ्या गाठी उठवणारी कुष्ठरोगाची रिअ‍ॅक्शन क्लोफाझिमाइन आटोक्यात ठेवते. ते काम मिनोसायक्लिनच्या भरवशावर सोडता येत नाही.

प्रश्न आता वाढणार आहे. थोडे चट्टे असलेल्यांनाही तिन्ही औषधे द्यावीत, अशी शिफारस 2018 साली झाली. औषधरोधी क्षयाच्या दीर्घ उपचारात हेच औषध रोज 100 मिलिग्रॅम, म्हणजे कुष्ठरोगाच्या दैनिक मात्रेच्या दुप्पट दिले जाते. 1890 सालापासून कुष्ठरुग्ण पाहणारे वडाळ्याचे अ‍ॅकवर्थ आणि शिवडीचे क्षयरोग रुग्णालय एकमेकांपासून हाकेच्या अंतरावर. पण आपल्या सभांत कुष्ठरोगवाले आणि क्षयवाले जेवणाच्या रांगेतच काय ते भेटतात.

मराठीत एक पत्रक निघावे, त्यात महिन्यागणिक बदलत्या रंगाचे फोटो असावेत, रंग उतरल्याचेही असावेत. पैसे आणि माणसे कुठून आणायची, ते कार्यकारिणीने पाहावे. पत्रक छापून होईपर्यंत मात्र सोमवारच्या ओपीडीत पाकीट हातात देण्याआधी रंगाबद्दल तोंडाने सांगा, घरच्या एका माणसासमोर सांगा आणि केसपेपरवर तशी नोंद करा.