आर्यमदिरामंडळाची सभा



राम गणेश गडकऱ्यांचं ‘एकच प्याला’ १९१९ साली रंगभूमीवर आलं, ते त्यांच्या निधनानंतर महिन्याभरात. त्यातलं तळीरामाचं आर्यमदिरामंडळ आठवा. जमलेले सगळे दारुडे, पण नाव केवढं भारदस्त! त्या काळी समाजसुधारणेसाठी, धर्मरक्षणासाठी मंडळं निघत, सभा भरत, ठराव होत. गडकऱ्यांनी तीच प्रतिष्ठित भाषा उचलली आणि पिणाऱ्यांच्या तोंडी घातली. व्यसनाला तत्त्वज्ञानाचा मुलामा चढला. प्रेक्षक पोटभर हसतात. पण सुधाकरासारख्या बुद्धिमान वकिलाच्या हाती पहिला प्याला देणाराही हाच तळीराम. उपहास इथे नुसता गमतीला नाही. माणूस कोणत्या गोड युक्तिवादांनी बुडतो, ते तो दाखवतो.

थोर चौकटीत क्षुद्र मजकूर बसवण्याची ही रीत गडकऱ्यांनी आपल्या गुरूंकडे पाहिली होती. श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांनी ‘सुदाम्याच्या पोह्यां’त चक्क चोरांचं संमेलन भरवलं. आणि त्याच लेखांतले बंडूनाना! रूढीची बाजू ते इतक्या हिरिरीनं मांडतात की तिच्यातला पोकळपणा आपोआप उघडा पडतो. वरून स्तुती, आतून निंदा. आपल्या अलंकारशास्त्रातली व्याजस्तुती ती हीच.

याचं सर्वांत भेदक उदाहरण मला जोनाथन स्विफ्टचं वाटतं. १७२९ साली डब्लिनमध्ये त्याची एक निनावी पुस्तिका निघाली. गरिबांची मुलं वर्षाची झाली की श्रीमंतांच्या ताटात वाढावीत, असा तिच्यातला प्रस्ताव. मुलं एक लाख वीस हजार, त्यांतली वीस हजार पैदाशीसाठी राखायची, असा काटेकोर हिशेबही मांडलेला. आवाज कुठेही चढत नाही. आयर्लंडच्या भुकेकडे आकडे म्हणून पाहणाऱ्यांची नजर त्यानं जशीच्या तशी घेतली आणि शेवटपर्यंत नेली. संतापून लिहिलेली शंभर पानं हे काम करू शकली नसती.

विडंबनाला मात्र आणखी एक अट असते. मूळ रचना वाचकाच्या कानात हवी. आचार्य अत्र्यांनी केशवकुमार या नावानं ‘झेंडूची फुले’ लिहिली, ती त्या काळच्या, विशेषतः रविकिरण मंडळाच्या, कवितेतल्या कृत्रिम लकबींवर. तो नखरा नेमका पकडायला ती कविता त्यांना मुखोद्गत असावी लागली. म्हणून तो संग्रह हाती घेणाऱ्या तरुण वाचकांना माझं आग्रहाचं सांगणं आहे: आधी रविकिरण मंडळाच्या कविता मोठ्यानं वाचा.