भुलीची दोन औषधे



ऑपरेशन म्हटले की आपल्या पोटात गोळा येतो. पूर्वी तर भूल नव्हती. चार जणांनी रोग्याला दाबून धरावे लागे. १८४६ साली अमेरिकेतील बोस्टन शहरात मॉर्टन या दंतवैद्याने एका रोग्याला ईथर हुंगवले. मग सर्जनने त्याच्या मानेवरची गाठ काढली. तेव्हापासून भुलीचा प्रसार झाला.

आज मोठ्या ऑपरेशनला बहुधा दोन तऱ्हेची औषधे देतात. एक हुंगायचे. त्याची वाफ फुप्फुसातून रक्तात आणि रक्तातून मेंदूत जाते. माणूस गाढ झोपतो. दुसरे अफूच्या जातीचे. ते शिरेतून देतात. मॉर्फीन अफूपासून निघते. फेंटानिल कारखान्यात बनवतात. ही औषधे दुखण्याचा निरोप मेंदूकडे जाऊ देत नाहीत.

आता तुम्ही विचाराल, दोन कशाला? एकच का नको? तर नुसती वाफ पुष्कळ द्यावी लागते, आणि त्याने रक्तदाब उतरतो. नुसत्या दुसऱ्या औषधाने पुरती झोप लागेलच असे नाही. दोन्ही मिळून दिली की एकमेकांना जोर देतात. फेंटानिल बेताने दिले तरी वाफ जवळजवळ निम्मीच पुरते.

पण दोन्ही औषधे श्वासही मंद करतात. चढाला दोन बैल बरे. उताराला मात्र गाडीवान हुशार लागतो. भुलीचे डॉक्टर हे ते गाडीवान. नाडी, रक्तदाब, श्वास यांवर त्यांची सारखी नजर असते.

त्यांना आपण साथ द्यायची. कोणी अफू खातो, कोणी दारू पितो, कोणी झोपेच्या गोळ्या घेतो. लाजेने ते लपवू नका. रोज अफू खाणाऱ्याला नेहमीचे माप पुरत नाही. दारू किंवा गोळी अंगात असली तर श्वास आणखी मंदावतो. डॉक्टरांना कळले नाही, तर ते माप कसे ठरवणार?

ऑपरेशननंतर वाफ श्वासावाटे निघून जाते. दुसरे औषध मात्र अंगात उरते. रोगी हाक मारूनही उठेना, श्वास फार सावकाश चालला, तर 'निवांत झोपलाय' म्हणून बसून राहू नका. लगेच नर्सबाईंना बोलवा. नालोक्झोन नावाचा उतारा आहे, पण तो वेळेवर द्यावा लागतो.

तेव्हा आम्ही सांगतो त्या दोनच गोष्टी ध्यानात ठेवा. ऑपरेशनआधी खरे सांगा. ऑपरेशननंतर श्वासाकडे लक्ष ठेवा.