मुलाकडे जाणारी शाळा

आज पदविका हाती घेणाऱ्या शिक्षक-शिक्षिकांनो, तुम्हांला घडवणाऱ्या गुरुजनांनो आणि पाड्यापाड्यांवरून आलेल्या आईवडिलांनो,

तुमच्यापैकी अनेक जण लवकरच पहिलीच्या वर्गात उभे राहतील. नेमणूक खांडबाऱ्याजवळ मिळो की धडगावच्या डोंगरात, समोरच्या बऱ्याच मुलांच्या घरी मराठी बोलली जात नसेल. कुणाची मावची, कुणाची कोकणी, कुणाची पावरी. असं मूल गप्प बसलं की ‘याला काही येत नाही’ हा शेरा फार लवकर पडतो. तेच मूल घरी धाकट्या भावंडाला सांभाळतं, शेळ्या राखतं, रानातली झाडं नावानिशी ओळखतं. त्याला पहिले काही महिने त्याच्याच भाषेत बोलू द्या, गोष्ट सांगू द्या. तुम्हांला ती भाषा येत नसेल तर अंगणवाडीच्या मदतनीस ताईंना, एखाद्या आजीला वर्गात बोलवा. मराठी मागे पडेल ही भीती सोडा. जे घरच्या भाषेत मोकळेपणी बोलतं, ते मूल दुसरी भाषाही धीटपणे उचलतं. शक्य तिथवर मातृभाषेतून शिकवावं, असं 2009चा शिक्षण हक्क कायदाही सांगतो.

या वाटेने आपल्याआधी ताराबाई मोडक गेल्या आहेत. गिजुभाई बधेकांबरोबर त्यांनी 1926 साली नूतन बालशिक्षण संघ उभारला. माँटेसरी पद्धतीची महागडी साधनं गरिबांच्या मुलांना कुठली परवडणार? म्हणून त्यांनी बिया, शिंपले, पानं हीच साधनं केली. 1945मध्ये त्या बोर्डीला गेल्या, पुढे 1957मध्ये कोसबाडच्या टेकडीवर, सोबत अनुताई वाघ. वारली मुलं शाळेत येईनात, तेव्हा या बाई पाड्यात गेल्या आणि अंगणातच वर्ग भरवला. थोडी मोठी मुलं गुरं राखायला जात. त्यांच्यासाठी कुरणातच शाळा भरली. मूल का येत नाही, एवढाच प्रश्न विचारून त्या थांबल्या नाहीत. शाळा त्याच्यापर्यंत कशी जाईल, हे त्यांनी ठरवलं. मला हा सगळ्यांत मोठा धडा वाटतो.

आता आपल्या जिल्ह्याची एक गोष्ट, जी पाठ्यपुस्तकात क्वचितच येते. इथल्या आदिवासी समाजात सिकलसेल हा रक्ताचा आजार पुष्कळ आहे. तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि हातपाय असह्य दुखतात. हा आजार असलेलं मूल दमतं, वारंवार गैरहजर राहतं, आणि आळशी ठरतं. 2016च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या 21 दिव्यांगत्वांमध्ये सिकलसेल आहे. म्हणजे सवलती मागणं हा त्या मुलाचा हक्क आहे. तुमच्या हातात असलेल्या गोष्टी साध्या आहेत. पाण्याची बाटली त्याच्याजवळ राहू द्या, कारण शरीरातलं पाणी कमी झालं की दुखणं उसळतं. लघवीला जायची परवानगी केव्हाही द्या. थंडीच्या सकाळी त्याला उन्हात बसवा. दमेपर्यंत पळवू नका, पण खेळातून काढूनही टाकू नका. ताप आला तर ‘बघू उद्या’ म्हणू नका. लगेच घरी कळवा, दवाखान्यात न्यायला सांगा. चुकलेला पाठ त्याला पुन्हा मिळायलाच हवा.

कमी ऐकणारं मूल पुढच्या बाकावर, कमी दिसणारं फळ्याजवळ, हे तुम्ही शिकलाच आहात.

दिवाळीनंतर काही आईबाप ऊसतोडीला निघतील, मुलंही जातील. जाण्याआधी त्या घरी एकदा जाऊन या. मूल आजीआजोबांकडे राहू शकेल का, विचारा. जाणारच असेल तर शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे दुसऱ्या शाळेला दाखल्याअभावी प्रवेश नाकारता येत नाही, हे आईवडिलांना नीट समजावून सांगा. आणि होळीला ते परत आलं की त्याला मागच्या वर्गात ढकलू नका. वयाच्याच वर्गात बसवून, राहिलेलं वेगळा वेळ काढून शिकवा.

अभिनंदन, आणि कामाला लागा. जूनच्या पहिल्या आठवड्यात अंगणवाडी सेविकांबरोबर बसून पाड्यातल्या प्रत्येक सहा वर्षांच्या मुलाची यादी करा, आणि ज्यांची नावं शाळेच्या पटावर नाहीत त्यांच्या घरी आधी जा.