ठिपके मोजू नका, तो काय खातो ते बघा
(प्रभागसंघाच्या मासिक सभेत क्षेत्र समन्वयकांनी केलेले भाषण)



आज बचतीचा हिशेब नाही, पण फवाऱ्यावर जाणाऱ्या पैशाचाच विषय आहे. पऱ्हाटीत, बरबटीत, सांबाराच्या वाफ्यात मुगाच्या दाण्याएवढा गोल किडा तुम्ही रोजच पाहता. पाठ ढालीसारखी, म्हणून तो ढालकिडा. तो दिसला की घरात दोन मतं होतात. एक म्हणतं, राहू दे. दुसरं म्हणतं, पंप काढा. खरं कोणाचं?

आपल्याकडच्या नेहमीच्या ढालकिड्याचं शास्त्रीय नाव चिलोमेनिस सेक्समॅक्युलाटा. डेन्मार्कचे कीटकशास्त्रज्ञ फॅब्रिसियस यांनी १७८१ साली त्याची नोंद केली. नावाचा अर्थ 'सहा ठिपक्यांचा', पण या नावावर जाऊ नका. एकाच वावरात हा कधी पिवळा, कधी केशरी, कधी लालसर दिसतो. कोणाच्या पाठीवर नागमोडी काळ्या रेघा, कोणावर नुसते ठिपके, तर कोणी जवळपास काळाच. कोषातून नुकताच निघालेला तर फिकट, बिनठिपक्यांचा असतो. रंग वेगळे, पण जात एकच. एकाच घरातल्या लेकरांचे रंग वेगळे असतात ना, तसंच. त्यांची आपसात जोडीही जमते.

हा आपला मित्र. पऱ्हाटीवरचा मावा खाऊन जगतो. त्याची अळी काळपट, लांबट, सहा पायांची. इवल्याशा मगरीसारखी दिसते. तिला कीड समजून चिरडू नका, तीही मावाच खाते.

आता शत्रू. वांग्यावरचा एपिलॅक्ना भुंगेरा याच कुळातला, म्हणून फसगत होते. फरक असा ओळखा:

१. पाठ उन्हात तिरपी धरून बघा. मित्राची पाठ गुळगुळीत, चकचकीत. शत्रूची मंद तांबूस, बारीक लव असलेली, मखमलीसारखी. आकारानेही तो थोडा मोठा, तुरीच्या दाण्याएवढा.
२. पान बघा. शत्रू शिरांमधला हिरवा भाग खरवडतो, पानाची जाळी होते. मित्र पान खात नाही. तो असतो तिथे जवळपास मावा असतो.
३. अळी बघा. शत्रूची अळी पिवळी, अंगभर फांद्या फुटलेल्या काट्यांची.

अंड्यांवरून मात्र ठरवू नका. दोघांचीही पिवळी, घोळक्यात उभी घातलेली असतात. वांग्याच्या जाळीदार पानाखाली दिसली तर शत्रूची, माव्याजवळ दिसली तर बहुतेक मित्राची. शंका असली तर अळी निघेपर्यंत थांबा.

वांग्यावर शत्रू थोडा असतानाच अंडी, अळ्या, भुंगेरे हाताने वेचून साबणाच्या पाण्यात टाका. पऱ्हाटीवर थोडा मावा आणि सोबत ढालकिडे दिसले, तर लगेच फवारा मारू नका. जहाल औषधाने मावा मरतो तसा मित्रही मरतो, आणि उरलेला मावा मोकाट वाढतो. पण एक लक्षात ठेवा, बोंडअळीवर ढालकिड्याचा भरवसा धरू नका, तिचा बंदोबस्त वेगळा करावा लागतो.

२०१७ मध्ये शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतून विषबाधा होऊन शेतकरी-शेतमजुरांचे जीव गेले, हे आपण विसरलो नाही. पंप पाठीवर कोणाच्याही असो, पाणी भरायला आणि नंतर ते कपडे धुवायला आपणच असतो. टाळता येणारी एक फवारणी टळली, तरी पैसा वाचतो आणि अंगावर जाणारं विषही.

पुढच्या सभेआधी प्रत्येक गटाने दहा झाडं बघा. पानाची वरची आणि खालची, दोन्ही बाजू बघा. ओळख पटली नाही तो किडा, तो बसला होता त्या पानासकट, काचेच्या बाटलीत घेऊन या. सगळ्याजणी मिळून बघू.