पट्टी आणि माफीनामा

१८८४ साली पॅरिसच्या प्रदर्शनात सार्जंट या चित्रकाराने एका प्रतिष्ठित बाईचे चित्र मांडले. झग्याची एक पट्टी खांद्यावरून घसरलेली; शहरभर बोभाटा झाला. सार्जंटने मागाहून पट्टी खांद्यावर नीट रंगवली.

१९५४ साली मुंबईच्या जहांगीर आर्ट गॅलरीत अकबर पदमसींवर तशीच पाळी आली. युगुलाची चित्रे अश्लील म्हणून उतरवा, असे पोलिसांनी फर्मावले. सव्वीस वर्षांच्या पदमसींनी नकार दिला, खटला सोसला आणि ते निर्दोष सुटले.

चित्रकलेतले मला थोडेच कळते. पण माफीनामा लिहून कामावर गेलेले आणि न लिहिता फाटकाबाहेर राहिलेले, दोन्ही कामगार मी पाहिले आहेत. पहिल्याला मी हसत नाही; त्याच्यामागे चूल असते. पुढच्यांची वाट मात्र दुसराच मोकळी करतो.