कंस करा, खोडू नका



अध्यक्षीय भाषणात साऱ्या क्षेत्राचा आढावा घ्यावा, असा प्रघात आहे. तो मी मोडतो. एकाच गोष्टीवर बोलतो: नावावरून आयपी पत्ता सांगणाऱ्या डीएनएसमधली नोंद कोण काढतो आणि कोणाला विचारून काढतो?

२० ऑक्टोबर २०२५, नरक चतुर्दशी. आपल्याकडे फराळ चालू होता, तेव्हा दुपारी सव्वाबाराच्या सुमारास ॲमेझॉनच्या व्हर्जिनियातल्या केंद्रांवर डायनॅमोडीबी या सेवेच्या नावापुढचे सगळे आयपी पत्ते गेले. हल्ला नव्हता, केबलही तुटली नव्हती. तिथे पत्त्यांच्या योजना आखणारा एक प्रोग्राम होता आणि त्या लागू करणारे दुसरे, एकमेकांपासून स्वतंत्र. त्यांतला एक रेंगाळला आणि उशिरा येऊन जुनीच योजना नव्या योजनेवर चढवून बसला. तेवढ्यात दुसऱ्याने साफसफाई काढली. ही योजना फार जुनी दिसते, म्हणून पुसून टाकली. चालू योजना नेमकी तीच होती! यंत्रणेला स्वतःहून सावरता येईना. शेवटी माणसांनी हात घातला. पत्ते तीनच्या आत परत आले, पण बाकीच्या सेवा रुळावर यायला रात्र उलटली.

आपल्याकडे हे लहान प्रमाणात होते, म्हणून त्याची बातमी होत नाही. सर्व्हर फाइलीत लिहिल्याप्रमाणे राखणाऱ्या पपेटसारख्या साधनात ‘पर्ज’ चालू केले की नियम सरळ असतो: फाइलीत नाही ते सर्व्हरवर नको. सर्व्हरवरचे जुने वापरकर्ते काढण्यासाठी तो उत्तम आहे. पण डीएनएसचा झोन एकट्याच्या मालकीचा नसतो. एखाद्या शाळेचेच बघा. वेबसाइटवाल्याने एक नोंद घातलेली असते, मेल पुरवणाऱ्याने मेल खरा असल्याचे पटवणारी डीकेआयएमची किल्ली टीएक्सटी नोंदीत ठेवलेली असते, ऑनलाइन प्रवेशवाल्याची आणखी एक. आपल्या फाइलीत यांतले निम्मेच. पपेट मुळात दर अर्ध्या तासाने फिरते; पहिल्याच फेरीत किल्ली गायब. मेल जातच राहतो, फक्त समोरच्याच्या स्पॅममध्ये पडतो. लिपिक म्हणतो, पाठवलाय. पलीकडून उत्तर येते, मिळाला नाही. दोघेही खरे बोलत असतात आणि डीएनएसचे नाव कोणाच्या तोंडी येत नाही. चूक सापडून नोंद परत घातली तरी ‘अशी नोंद नाही’ हे उत्तर पत्ते शोधून देणाऱ्या रिझॉल्व्हरांनी काही काळ लक्षात ठेवलेले असते. तेवढा वेळ हात चोळत बसायचे.

उपाय नाहीत असे नाही. ऑक्टोडीएनएस हे साधन एका फटक्यात तीस टक्क्यांहून जास्त नोंदी काढायला सांगितल्या तर अडून बसते. चांगली गोष्ट, पण ती मोठ्या झोनची. आपल्या शाळेच्या झोनमध्ये बारा नोंदी. त्यांतल्या तीन गेल्या तरी पंचवीसच टक्के, आणि त्या तिनांत मेलची एमएक्स नोंद असली तरी साधन हूं की चूं करणार नाही. दहापेक्षा कमी नोंदी असतील तर ही तपासणी होतच नाही. टेराफॉर्ममध्ये ‘प्रिव्हेंट डिस्ट्रॉय’, म्हणजे काढू देऊ नको, असे लिहून निर्धास्त झोपणारे बरेच आहेत. नोंदीचा अख्खा ब्लॉकच फाइलीतून उडाला की हे कुलूपही त्याच्याबरोबर जाते, हे त्यांना सांगा. मला त्यातल्या त्यात पटते ती एक्स्टर्नल-डीएनएसची रीत. आपण घातलेल्या नोंदीशेजारी ते मालकीची टीएक्सटी नोंद ठेवते आणि परक्या नोंदीला हात लावत नाही. ‘अपसर्ट-ओन्ली’ ठेवले तर घालते, बदलते, पण काढत मात्र काहीच नाही.

विचारल्याशिवाय न काढण्याची ही रीत आपल्याला नवी वाटू नये. तलाठी (आता ग्राम महसूल अधिकारी) फेरफार घेतो तेव्हा संबंधितांना नोटीस जाते, हरकतीला पंधरा दिवस मिळतात आणि मंडळ अधिकारी प्रमाणित करतो तेव्हाच सात-बारा बदलतो. हातच्या सात-बारावर तर जुन्या नावाला कंस करत. कंसातले नाव वाचता येई. महसूल खात्याला आपण संथ म्हणून नावे ठेवतो, पण काढण्याच्या कामात हा संथपणाच उपयोगी.

२०२३ मध्ये उस्मानाबाद जिल्ह्याचे नाव धाराशिव झाले. उस्मानाबाद डॉट गव्ह डॉट इन हा पत्ता जाऊन धाराशिव डॉट महाराष्ट्र डॉट गव्ह डॉट इन आला. असा बदल तुमच्यापैकी कोणाच्या ना कोणाच्या टेबलावर येणारच. संस्था नावे बदलतात, शाळा बदलतात. फाइलीत नाव बदलले की साधनाला त्यात नामांतर दिसत नाही. त्याच्या लेखी एक नोंद काढायची आणि एक घालायची. छापील अर्जांवर, जुन्या पत्रव्यवहारात, लोकांच्या मोबाइलमध्ये राहिलेला जुना पत्ता त्या क्षणी मरतो. जुनी नोंद वेगळ्या फाइलीत ठेवा, नव्या पत्त्याकडे वळवा आणि ती कधी काढायची ते माणसाने ठरवू द्या.

दुपारच्या सत्रात एक ठराव येणार आहे: आपण घेऊ त्या प्रत्येक कामाच्या करारात, नगरपंचायतीचे असो की पतसंस्थेचे, नोंद काढण्याचा अधिकार साधनाला नसावा, काढायच्या नोंदींची यादी आधी ग्राहकाला द्यावी आणि त्याच्या सहीनंतरच ती अमलात यावी. माझ्या मते त्यासाठी मुदतही फेरफारासारखी पंधरा दिवसांचीच असावी. काहींना ती जास्त वाटते, हे मला माहीत आहे. त्यांनी उपसूचना जेवणाआधी लेखी द्याव्यात.